एटीव्हीच्या ऑइलमध्ये पाणी: हेड खोलण्याआधी काय काय तपासायचं

पावसाळ्यात मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या फार्महाउसवर ठेवलेल्या एटीव्हींचे (बाइकसारखं हँडल असलेल्या, ओबडधोबड वाटांवरच्या चारचाकी गाड्यांचे) फोटो ठाण्या-नवी मुंबईतल्या मालकांच्या मोबाइलवर यायला लागतात. डिपस्टिकवर काळ्या ऑइलऐवजी दुधाळ चहाचा रंग, आणि खाली राखणदाराचा मेसेज: "साहेब, ऑइलमध्ये पाणी गेलंय." जवळच्या मिस्त्रीला विचारलं तर उत्तर तयार असतं, "हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल."

हेड म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, आणि हेड गॅस्केट म्हणजे त्या दोघांमधलं पॅकिंग. कधी कधी मिस्त्रीचं खरंही असतं. पण ऑइलमध्ये पाणी शिरायच्या वाटा बऱ्याच आहेत आणि त्यातल्या निम्म्या हेडच्या आसपासही जात नाहीत. हेड उतरवलं की नवं गॅस्केट, सगळी पॅकिंग, टायमिंग चेन पुन्हा बसवणं, कदाचित लेथचं काम, हे सगळं ओघाने येतं. दोष वॉटर पंपाच्या सीलमध्ये असेल तर एवढं करूनही पुढच्या रविवारी ऑइल पुन्हा दुधाळ. म्हणून पान्याला हात घालण्याआधी दोनच प्रश्न सोडवायचे: पाणी कुठलं, आणि ते आलं कुठून. खालचा क्रम नवख्यासाठी आहे. साध्या हत्यारांनी, फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी आणि खर्चाच्या नंतर.

आधी इंजिन बंदच ठेवा

"जरा चालू करून बघू" हा मोह आवरा. पाणी मिसळलेल्या ऑइलचा थर बेअरिंगवर टिकत नाही. कॅमशाफ्ट, पिस्टन पिन, क्रँकची बेअरिंग, सगळ्यांना त्याचा फटका बसतो. शिवाय पाणी आत राहिलं की स्टीलच्या भागांवर गंज धरतो, आणि आपल्याकडच्या जुलैच्या हवेत त्याला फार दिवस लागत नाहीत.

गाडी ओढ्यात बुडून बंद पडली असेल तर गोष्ट आणखी गंभीर. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा वेळी पहिलं काम म्हणजे स्पार्क प्लग काढणं. प्लगची वायर बाजूला नेऊन इंजिनच्या धातूला टेकवा (अर्थिंग), मगच स्टार्टरचा हलका झटका द्या. प्लगच्या भोकातून पाण्याचा फवारा उडाला तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. ढकलून किंवा जीपने ओढून चालू करणाऱ्या उत्साही मंडळींना गाडीपासून लांब ठेवा.

पायरी १: इंजिन थंड कशाने होतं?

हा प्रश्न बाळबोध वाटेल, पण इथेच बऱ्याच जणांचा वेळ आणि पैसा वाया जातो. बाजारात मिळणाऱ्या ११०, १२५ सीसीच्या छोट्या चिनी एटीव्हींची इंजिनं बहुतेक एअर-कूल्ड असतात. सिलिंडरवर पंखांसारख्या फिन दिसतात, आत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, नावालाही नसतं. इंजिनिअरिंगची मुलं स्पर्धेसाठी बनवतात त्या बाहा गाड्यांमध्ये वर्षानुवर्षं वापरलेलं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं इंजिनही एअर-कूल्डच. अशा इंजिनात ऑइल दुधाळ झालं तर कूलंट गळायचा प्रश्नच नाही. पाणी बाहेरूनच आलं किंवा दमट हवेतून आत साचलं. थेट पायरी ४ वर जा.

फसवणारी एक गोष्ट म्हणजे ऑइल कूलर. काही एअर-कूल्ड गाड्यांनाही पुढे छोटी जाळी असते आणि नवखा माणूस तिलाच रेडिएटर समजतो. जाळीला दाबाचं झाकण नसेल, जाड रबरी होज नसतील, शेजारी कूलंटची प्लास्टिक बाटली नसेल आणि दोन बारीक पाइप थेट इंजिनच्या तळाशी जात असतील, तर तो ऑइल कूलर. पोलॅरिस स्पोर्ट्समन ५७० सारख्या मोठ्या गाड्या मात्र लिक्विड-कूल्ड असतात. त्यांना रेडिएटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप सगळं असतं. पुढचा बराचसा मजकूर त्यांच्यासाठी आहे.

पायरी २: पातळ्या बघा, वास घ्या

गाडी सपाट जागेवर आणि इंजिन थंड हवं. ऑइलची आणि कूलंटच्या बाटलीची पातळी बघून वहीत तारखेसह लिहा. मोबाइलमध्ये फोटो काढलात तरी चालेल, पण रोज त्याच कोनातून काढा.

ऑइल वाढलंय आणि कूलंट कमी झालंय: आतल्या आत गळती असण्याची शक्यता मोठी. ऑइल वाढलंय पण कूलंट जिथल्या तिथे: बाहेरचं पाणी, नाहीतर पेट्रोल. हो, पेट्रोलही. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसेल तर गाडी उभी असताना पेट्रोल इंजिनमधून खाली उतरतं आणि ऑइलची पातळी चढते. डिपस्टिक नाकाजवळ न्या. पेट्रोलचा वास आला आणि ऑइल पाण्यासारखं पातळ वाटलं तर दुखणं वेगळं आहे. अशा ऑइलवर खालची तव्याची चाचणी अजिबात करू नका, भडका उडेल.

कूलंट कमी, ऑइल मात्र स्वच्छ: गळती बाहेर कुठेतरी असेल किंवा कूलंट सिलिंडरमध्ये जळत असेल. सायलेन्सरचा पांढरा धूर इंजिन चांगलं तापल्यावरही थांबत नसेल आणि त्याला गोडसर वास असेल तर दुसरी शक्यता धरा. पावसाळ्यातल्या सकाळी सुरुवातीची थोडी वाफ सगळ्याच गाड्या सोडतात, तिला घाबरू नका.

गोडाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. जुने मिस्त्री बोट बुडवून चव घेताना दिसतात, तसं करू नका. फार्महाउसवरचे कुत्रे सांडलेलं कूलंट चाटतात आणि त्यांच्यासाठी थोडंसंही जीवघेणं ठरतं. काढलेल्या कूलंटचं तसराळं उघडं ठेवून जेवायला जाऊ नका.

पायरी ३: पाणी कुठलं, ते ठरवा

गाडी किमान एक रात्र हलवू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, त्यामुळे जे मोकळं पाणी असेल ते तळाशी बसतं. सकाळी ड्रेन बोल्ट पूर्ण काढू नका, हळूहळू सैल करा आणि पहिला कपभर द्रव पारदर्शक बाटलीत वेगळा घ्या. पाण्याची रिकामी बाटली चालते, फक्त कोरडी हवी. बाकीचं ऑइल दुसऱ्या भांड्यात.

पहिल्या बाटलीत तळाला काय दिसतं? हिरवा, गुलाबी, निळा असा रेडिएटरमधल्या कूलंटशी जुळणारा रंग दिसला तर पाणी आतलं. रंगहीन किंवा गढूळ पाणी, तळाला मातीचा गाळ, असं असेल तर बाहेरचं. सगळं एकजीव दुधाळ असेल तर बाटली दोन दिवस उन्हात ठेवा, थोडं तरी वेगळं होतं.

इथे एक अडचण नेहमी येते. बऱ्याच फार्महाउसवर रेडिएटरमध्ये साधं नळाचं नाहीतर बोअरचं पाणी भरलेलं असतं, मग रंगावरून काहीच कळत नाही. राखणदाराला सरळ विचारा, "दादा, यात कूलंट टाकता की पाणी?" रागावलेल्या आवाजात विचारलंत तर उत्तर "कूलंट" असंच येणार. पाणी असेल तर रेडिएटर रिकामा करून गडद रंगाचं कूलंट भरा, किंवा कूलंटमध्ये टाकायचा अल्ट्राव्हायोलेट डाय मिळतो तो टाका. पुढच्या ऑइलच्या नमुन्यावर अंधारात यूव्ही टॉर्च मारली की उत्तर मिळतं.

ऑइल नुसतं धुरकट दिसतंय, पाणी आहे की नाही अशीच शंका असेल तर तव्याची चाचणी. जुना, पुन्हा स्वयंपाकात न वापरायचा तवा घ्या, घराबाहेर शेगडीवर १६० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवा. डोळ्यावर चष्मा, हातात लांब ड्रॉपर, आणि ऑइलचा एकच थेंब. पाणी असेल तर चरचर होऊन बारीक बुडबुडे फुटतात. स्वच्छ ऑइल गप्प पसरतं. ही चाचणी पाणी आहे एवढंच सांगते, कुठलं ते नाही.

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात कमी केली जाणारी तपासणी म्हणजे गाडीतली बाकीची ऑइलं बघणं. फोर बाय फोर एटीव्हीत पुढच्या डिफरेन्शियलचं (चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचं) आणि मागच्या गिअरकेसचं ऑइल वेगळं असतं, त्यांचा कूलंटशी काडीचा संबंध नाही. तेही दुधाळ निघालं तर गाडी पाण्यात खोल गेली होती हे जवळजवळ नक्की, कोणी काहीही सांगो. "नाही साहेब, ओढ्यात नाही नेली" हे वाक्य मागच्या गिअरकेसच्या ड्रेन बोल्टपाशी टिकत नाही. आणि गाडी बुडाली होती हे कळलं की हेड गॅस्केटवरचा संशय बराच कमी होतो.

पैसे मोजायची तयारी असेल तर कंपन्यांच्या मशिनांचं ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नमुना द्या. अहवालात सोडियम, पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर कूलंटची शंका पक्की होते, कारण हे घटक त्याच्या रसायनांतून येतात. छोट्या इंजिनासाठी मला हे सहसा जास्तीचं वाटतं.

पायरी ४: बाहेरचं पाणी कुठून शिरलं?

एअरबॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबा, उघडा. फिल्टर ओला, तळाशी पाणी किंवा चिखलाची रेघ, ड्रेन नळीत पाणी, यातलं काही दिसलं तर इंजिनने श्वासाबरोबर पाणी ओढलं. ते सिलिंडरमधून पिस्टन रिंगांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागात) उतरतं. दुसरी वाट इंजिनच्या ब्रीदर पाइपची, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीची. गरम इंजिन अचानक ओढ्याच्या गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि ब्रीदरचं तोंड पाण्यात असेल तर पाणी आत खेचलं जातं. पाइप सुटलाय का, चिरलाय का, टोक किती उंचावर आहे, ते बघा. तिसरी वाट डिपस्टिक किंवा ऑइलच्या झाकणाची ओ-रिंग. ती कडक झालेली असते, आणि गाडी धुणारा पोरगा प्रेशर वॉशर नेमका तिथेच धरतो.

चौथा प्रकार शिरलेल्या पाण्याचा नाहीच, साचलेल्या दमटपणाचा. रिसॉर्टवर पोरांना पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या मारून आणणारी गाडी कधी पूर्ण तापतच नाही. इंजिनमध्ये पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होतेच, त्यातली थोडी रिंगांवरून खाली जाते आणि थंड धातूवर थेंब धरते. ऑइल पुरेसं तापलं तर हे पाणी उडून ब्रीदरमधून निघून जातं. नाही तापलं तर झाकणाखाली पिवळट पांढरा लोण्यासारखा थर जमतो. ओळखायची खूण अशी: झाकणाखाली थर आहे, पण ड्रेन बोल्टमधून आलेलं ऑइल स्वच्छ काळं किंवा तपकिरी आहे आणि कूलंटची पातळी हललेली नाही. झाकण पुसा, ऑइल बदला, गाडी अर्धा तास तरी ताण देऊन चालवा आणि पुन्हा बघा. थर परत आला नाही तर काळजी मिटली. फक्त हा अर्धा तास सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या काढू नका. इंजिनवर लोड नसेल तर ऑइल नीट तापत नाही, आणि सेक्रेटरी मात्र लगेच तापतो.

पायरी ५: वॉटर पंपाचं छोटं भोक

पाणी कूलंटचंच आहे हे ठरलं तर हेडकडे जायच्या आधी इथे या. ज्या एटीव्हींत वॉटर पंप इंजिनच्या कव्हरवरच बसवलेला असतो, त्यांत ऑइल-कूलंट मिसळण्याचं कारण मला इथेच सर्वांत आधी शोधावंसं वाटतं.

रचना समजून घ्या. पंपाचा शाफ्ट क्रँककेसमधून बाहेर येतो. आतल्या टोकाशी ऑइल, बाहेरच्या टोकाला कूलंटमध्ये फिरणारा इम्पेलर (कूलंट ढकलणारा पंखा). मध्ये दोन सील: कूलंटच्या बाजूला मेकॅनिकल सील, ज्यात दोन गुळगुळीत चकत्या स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेल्या असतात, आणि इंजिनच्या बाजूला साधं ऑइल सील. या दोघांच्या मधल्या पोकळीतून एक बारीक भोक खाली बाहेर येतं. काही गाड्यांत त्याला छोटी नळी असते. मिस्त्री त्याला टेल-टेल किंवा वीप होल म्हणतात. कंपनीने ते मुद्दाम ठेवलंय: कुठलंही एक सील गळायला लागलं तर द्रव बाहेर जमिनीवर पडावा, दुसरं सील ओलांडून आत जाऊ नये.

भोकातून कूलंट टपकत असेल तर मेकॅनिकल सील गेलं. ऑइल टपकत असेल तर ऑइल सील. दोन्ही प्रकारांत हेड उतरवायची गरज नाही.

एटीव्हीची पंचाईत अशी की हे भोक चिखलाच्या वाटेवर असतं. चिखल वाळून ते पक्कं बुजतं, आणि उन्हाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर कुंभारीण माशी त्यात मातीचं घर करून जाते. मग मेकॅनिकल सीलमधून झिरपलेलं कूलंट पोकळीत साचतं, बाहेर पडायला जागा नसते, आणि ते ऑइल सीलच्या ओठावरून क्रँककेसमध्ये उतरतं. बाहेर एक थेंबही न पडता ऑइल दुधाळ होतं. असं झालं की मिस्त्री हेडला दोष देतो, कारण बाहेर गळती दिसतच नाही.

म्हणून पंपाखाली आडवे होऊन टॉर्चने भोक शोधा. सापडत नसेल तर सर्व्हिस मॅन्युअलमधलं पंपाचं चित्र बघा. मऊ तारेने माती कोरून काढा, तार खोलवर खुपसू नका, सीलला लागेल. भोक मोकळं होताच दुधाळ किंवा रंगीत द्रव बाहेर आला तर अपराधी सापडला.

सील बदलताना दोन्ही एकदम बदला. इम्पेलर काढल्यावर शाफ्टवर ऑइल सील बसतं तिथे नखाला जाणवणारी खाच पडली असेल तर शाफ्टही बदलावा लागेल, नाहीतर नवं सील महिन्याभरात गळेल. मेकॅनिकल सीलच्या चकत्यांना तेलकट बोट लावू नका, आणि ते हातोडीने ठोकू नका. योग्य मापाच्या सॉकेटने सरळ दाबून बसवा. ऑइल सीलवर माप छापलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते घेऊन ठाण्यातल्या बेअरिंगच्या दुकानात किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटला गेलात तर सहसा मिळतं. मेकॅनिकल सील मात्र नुसत्या मापावर जुळेलच असं नाही, जुनं सोबत न्या किंवा पार्ट नंबरने मागवा.

पायरी ६: दाब देऊन बघा

पंप निर्दोष वाटला, किंवा खात्री होत नसेल, तर प्रेशर टेस्ट. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचं झाकण काढा. गरम असताना उघडलं तर उकळतं कूलंट तोंडावर येईल. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब, बारमध्ये किंवा किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये (दोन्ही जवळपास सारखेच). हातपंपाचा टेस्टर त्या तोंडावर लावून तेवढाच दाब द्या, जास्त नाही. कारच्या गॅरेजमधल्या टेस्टरचा अडॅप्टर एटीव्हीच्या छोट्या तोंडाला बऱ्याचदा बसत नाही, म्हणून बाइकचं काम करणाऱ्याकडे विचारा.

चाचणीची खरी युक्ती पुढे आहे. ऑइल आधीच काढलेलं आहे, तर ड्रेन बोल्ट उघडाच ठेवा आणि खाली स्वच्छ पांढरा कागद. स्पार्क प्लगही काढून ठेवा. दाब देऊन किमान अर्धा तास, जमलं तर रात्रभर थांबा. सावकाश गळणाऱ्या जागा पहिल्या पाच मिनिटांत काहीच सांगत नाहीत.

काटा उतरला आणि होजखाली ओलं झालं: बाहेरची गळती, क्लिप आवळा. कागदावर रंगीत थेंब पडला: कूलंट क्रँककेसमध्ये उतरतंय. प्लगच्या भोकातून टॉर्च मारल्यावर पिस्टनच्या डोक्यावर ओलावा दिसला: कूलंट सिलिंडरमध्ये येतंय, म्हणजे गॅस्केट किंवा चीर. थेंब कागदावर पण पिस्टन कोरडा, तर पंप पुन्हा बघा. पंपाचं कव्हर काढता येत असेल तर सीलच्या मागची बाजू ओली आहे का ते तपासा. तिथे कोरडं असेल तर गॅस्केट पाण्याची वाट आणि ऑइलची वाट यांच्या मध्ये फाटलेलं असू शकतं, बहुतेक वेळा टायमिंग चेनच्या पोकळीच्या बाजूला.

पायरी ७: आता हेड गॅस्केटवर संशय घ्या

गॅस्केट सिलिंडर आणि पाण्याच्या मध्ये गेलं असेल तर जळलेला वायू कूलंटमध्ये शिरतो. ड्रेन बोल्ट, प्लग आणि स्वच्छ ऑइल परत घालून इंजिन थोडा वेळच चालू करा: लगेच होज कडक होतो, बाटलीत सतत बुडबुडे येतात, गाडी चढावर तापते. पण नुकतंच कूलंट भरलं असेल तर आत अडकलेल्या हवेचेही बुडबुडे येतात. गाडीचं तोंड उंच करून, ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून आधी हवा काढा, मगच निष्कर्ष काढा.

पक्कं करायचं तर ब्लॉक टेस्टर. रेडिएटरच्या तोंडावर बसणाऱ्या नळीत निळा द्रव असतो, इंजिन चालू असताना कूलंटवरची हवा त्यातून खेचायची. ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर निळ्याचा पिवळा होतो. त्याआधी कूलंटची पातळी थोडी खाली आणा, नाहीतर कूलंटच टेस्टरमध्ये खेचलं जाईल आणि चाचणी फुकट. दुसरा मार्ग लीक-डाउन: पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का बघायचं.

पण या दोन्ही चाचण्या फक्त सिलिंडरशी संबंध असलेली गळती पकडतात. गॅस्केट ऑइल आणि पाण्याच्या मध्ये फाटलं असेल तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) उत्तम येईल, निळा द्रव निळाच राहील, आणि तरीही ऑइल दुधाळ. "कॉम्प्रेशन चांगलं आहे, म्हणजे गॅस्केट ठीक" हे वाक्य ऐकलंत तर पायरी ६ चा कागद दाखवा.

रेडिएटरमध्ये तपकिरी काहीतरी दिसलं तर

उलटा प्रकार, म्हणजे कूलंटमध्ये ऑइल, तुलनेने कमी होतो. पहिल्यांदा ते खरंच ऑइल आहे का ते बघा. साधं पाणी वापरलेल्या रेडिएटरमध्ये गंजाचा तपकिरी गाळ येतोच. बोटांवर चोळा: गंज खरखरीत लागतो आणि पाण्यात बुडतो, ऑइल बुळबुळीत असतं आणि वर तरंगतं. दोन वेगळ्या जातीची कूलंटं मिसळली तरी आत जेलीसारखं काहीतरी तयार होऊ शकतं. गळती बुजवायची पावडर कोणी टाकली होती का तेही विचारा. आणि चुकून रेडिएटरमध्ये ऑइल ओतलेलं असणं, ही शक्यता हसण्यावारी नेऊ नका.

खरोखर ऑइल असेल तर संशयित थोडे: गॅस्केट, हेड किंवा सिलिंडरची चीर, आणि गाडीला पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर असेल तर तो. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा बराच जास्त असतो, म्हणून ऑइल पाण्यात जातं. इंजिन बंद झाल्यावर ऑइलचा दाब लगेच शून्य होतो, कूलंटचा टिकून राहतो, आणि मग उलट दिशेनेही मिसळू शकतं. ऑइल लागलेले रबरी होज फुगून मऊ पडतात, ते धुऊन वापरू नका, बदला.

हेड उतरवायचंच ठरलं तर

इथून पुढे नवख्याने एकट्याने करायचं काम नाही, पण काय करून घ्यायचं ते माहीत हवं. बहुतेक एटीव्हींची रस्त्यासाठी नोंदणी होत नाही, त्यामुळे गाडी टेम्पोतून आणा, किंवा जाणकार मिस्त्रीकडून तिथेच हेड उतरवून फक्त हेड आणि सिलिंडर घेऊन या. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांच्या जागी आयटीच्या इमारती उभ्या राहिल्या तरी गल्लीबोळांत लेथवाले टिकून आहेत. नवी मुंबईकरांना तुर्भे, पावणे, रबाळेचा पट्टा जवळ.

लेथवाल्याकडून सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) हेडचा वाकडेपणा मोजून घ्या. मर्यादा तुमच्या मॅन्युअलमध्ये असते, छोट्या इंजिनांना ती मिलिमीटरच्या काही शतांश एवढीच असते. डोळ्याला सरळ दिसणारं हेडही नापास होऊ शकतं. पाण्याशिवाय तापलेल्या इंजिनाचं हेड दाबाखाली तपासून घ्या, व्हॉल्व्हच्या मधल्या जागेत चीर असण्याची शक्यता असते. फेसिंग (हेडचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करणं) मारायला सांगताना कमीत कमी मारायला सांगा.

जुनं गॅस्केट सिलिकॉनची पेस्ट लावून पुन्हा बसवू देऊ नका. बोल्ट मॅन्युअलच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने). आणि गॅस्केट का गेलं ते शोधा. गाडी धुतली तरी रेडिएटरच्या जाळीत पाचर बसल्यासारखा चिखल राहतो, कधी पंखा फिरत नाही, कधी झाकण दाब धरत नाही. यातलं काही तसंच राहिलं तर नवं गॅस्केटही जाईल.

धुऊन काढणं आणि नजर ठेवणं

दोष दूर झाल्यावर आत राहिलेलं पाणी काढायचं. योग्य ग्रेडचं स्वस्त ऑइल आणि नवा फिल्टर घाला, काही मिनिटं इंजिन चालवा, गरम असतानाच काढा. पुन्हा तेच, ऑइल स्वच्छ येईपर्यंत. कागदी फिल्टर पाण्याने खराब होतो, म्हणून प्रत्येक वेळी बदलायचा. ड्राय-संप इंजिन असेल तर वेगळी ऑइल टाकी आणि तिचे पाइप विसरू नका, निम्मं दुधाळ ऑइल तिथेच लपतं. डिझेल किंवा रॉकेल घालून धुवायची पद्धत मला मान्य नाही. ज्या गाड्यांत क्लच याच ऑइलमध्ये भिजतो तिथे तर मुळीच नाही. शेवटी भरायचं ऑइलही अशा गाड्यांना जासो एमए किंवा एमए-२ (ओल्या क्लचच्या गाड्यांसाठीचं जपानी मानक) चंच हवं.

काढलेलं ऑइल डब्यात भरून गॅरेजवाल्यामार्फत अधिकृत रिसायकलरकडे जाऊ द्या. ठाण्या-नवी मुंबईत गटारात ओतलेलं ऑइल शेवटी खाडीतच जातं.

मग गाडी पूर्ण तापेपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, आणि वहीतल्या त्याच दोन पातळ्या पुन्हा बघा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक वेळी गाडी काढण्याआधी, नंतर पावसाळाभर आठवड्यातून एकदा. कूलंटची बाटली सुरुवातीला थोडी उतरते, कारण राहिलेली हवा बाहेर पडते. ती भरून खूण करा. त्यानंतरही उतरत राहिली आणि जमीन कोरडी असेल तर वीप होलपासून पुन्हा सुरुवात करा.